आपल्या माणसाला काय विचारायचं

फणसेबाईंची आणि माझी ओळख झाली ती लोणच्यामुळे. शारजातल्या त्या भारतीय शाळेत माझा पहिलाच दिवस होता. सहावीच्या मुलींना गणित शिकवायला मला घेतलं होतं. नवऱ्याच्या मागोमाग आखातात आलेल्या निम्म्या बायका तेव्हा कुठल्या ना कुठल्या शाळेत चिकटायच्या, त्यातलीच मी एक. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून डबा उघडला, तर मागून एक बांगड्यांचा हात आला, लोणच्याची फोड उचलली आणि गेला. वळून बघते तो पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याला काळा दोरा लावलेल्या एक बाई फोड चोखत उभ्या.

"मीठ कमी पडलंय गं," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनाच नवल वाटलं. "अशी बघतेस काय? मराठी ना तू? मग आपल्या माणसाला काय विचारायचं?"

हे वाक्य मी पुढे किमान हजार वेळा ऐकलं असेल. माझं लाल पेन त्यांच्या टेबलावर सापडायचं. माझ्या पर्समधल्या डोकेदुखीच्या गोळ्या त्या स्वतःच्या हाताने काढून घ्यायच्या. ऑफिसातल्या एसीचा गारठा सोसेनासा झाला की माझं स्वेटर त्यांच्या अंगावर. मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. मी तशी तापटच, सासरीसुद्धा माझ्या कपाटाला कोणी हात लावलेला खपत नसे. पण एकदा मी तापाने फणफणले, नवरा कामासाठी मस्कतला गेलेला, तर अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून किल्ली घेऊन ही बाई सरळ आत. डोळे उघडले तर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजत होती. तेव्हाही विचारलं नव्हतंच. त्या दिवसापासून माझा राग गेला आणि मी डब्यात लोणच्याच्या दोन फोडी जास्त घालायला लागले.

बाई शाळेच्या ऑफिसात होत्या. मिस्टर अबुधाबीला ड्राफ्ट्समन, गुरुवारी संध्याकाळी यायचे आणि शनिवारी पहाटे जायचे. मुलगा पुण्याला शिकायला. त्यामुळे आठवडाभर बाईंना शाळेशिवाय दुसरं काही नव्हतं. फीच्या पावत्या, बसचे पास ही त्यांची कामं, पण त्यांचा जीव होता तो जेवणाच्या कूपनांत. मोठ्या वर्गातल्या मुली दुपारी उशिरापर्यंत थांबायच्या आणि कँटीनमध्ये जेवायच्या. ज्यांना परवडत नाही त्यांच्या जेवणाचा खर्च दुबईच्या देरा बाजारातले मसाल्याचे एक म्हातारे शेठ उचलायचे, कोणाचा पूर्ण, कोणाचा अर्धा. कोणाला फुकट आणि कोणाला अर्ध्यात, हे ठरवायचं काम बाईंचं होतं.

आता यातली गोम सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. शेठच्या फॉर्मवर नियम छापलेला होता: बापाचा पगार अडीच हजार दिरहमच्या आत असेल तर जेवण फुकट, साडेतीन हजारांच्या आत असेल तर अर्ध्या पैशांत. पगाराचा पुरावा जोडावा. आणि त्या काळी बायकामुलांना इकडे आणायचं तर कागदावर चार हजार पगार दाखवावा लागायचा. म्हणजे ज्याची मुलगी आमच्या शाळेत आहे त्याचा पगार, कागदावर तरी, चार हजार असणारच. मग खरा पगार सतराशे का असेना. सतराशे म्हणजे तेव्हाचे वीसेक हजार रुपये. गावाकडे लोकांना वाटायचं की मज्जा आहे याची. इथे एका खोलीचं भाडं दिलं की हातात काय उरतंय? तर असे कितीतरी बाप कंपनीच्या मालकाच्या हातापाया पडून चार हजारांचा कागद करून घ्यायचे आणि बायकोपोरांना आणायचे. मालकही द्यायचे, कारण माणूस खूश राहतो आणि त्यांच्या खिशातून काही जात नाही. थोडक्यात, कागद बघितला तर आख्ख्या शाळेत फुकट जेवणाला पात्र असं एकही पोर नव्हतं.

म्हणून बाई कागद मागायच्याच नाहीत. आईबाप आले की त्यांना समोर बसवायच्या, बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवायच्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत इकडतिकडचं बोलत राहायच्या. मग मध्येच विचारायच्या, "एसी का बटन किसके तरफ है?"

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. नंतर त्यांनीच बसमध्ये समजावलं. शारजातल्या रोला भागातल्या जुन्या बिल्डिंगांत एकेका हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं राहतात. एसी एकच, खिडकीतला. ज्याच्या वाट्याला खिडकी येते तो भाडं जास्त भरतो आणि बटणही त्याच्याच हातात. त्याला थंडी वाजली की तो बंद करतो, पलीकडची मुलं घामाने भिजत झोपतात. बटण पलीकडे असेल तर जेवण फुकट, बाईंचा हिशेब इतका सरळ होता. पगाराबद्दल माणूस खोटं बोलतो, त्या म्हणायच्या, एसीबद्दल कोण कशाला बोलेल?

फॉर्मवरच्या पुराव्याच्या रकान्यात त्या एकच शब्द लिहायच्या, 'सीन'. म्हणजे पाहिलं. काय पाहिलं ते कधी लिहिलं नाही. वर्षानुवर्षं ते 'सीन' देऱ्याला जात होतं आणि म्हातारे शेठ मान डोलावून सही करत होते. शेठही एके काळी तसल्याच हॉलमध्ये राहिले होते म्हणे.

कूपनांवरची बाईंची युक्ती तर मी कोणाला सांगितली नव्हती. सगळ्यांची कूपनं सारखीच, एकाच रंगाची. फक्त बाई फुकटच्या कूपनाला कोपऱ्यात टाचणीने एक बारीक भोक पाडायच्या. कँटीनचा मोईद्दीन ते अंगठ्याने चाचपायचा आणि वेगळ्या डब्यात टाकायचा. कोण फुकट जेवतंय हे बाई, मोईद्दीन आणि देव, तिघांनाच ठाऊक. आणि नंतर मला.

हे एकदा उघडं पडता पडता राहिलं. माझ्या वर्गात मनाली सुर्वे नावाची मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, भारी शिस्तीची. तिला मी जेवणाची मॉनिटर केली होती. ती सगळ्या वर्गाची कूपनं गोळा करून गठ्ठा मोईद्दीनला द्यायची, आणि त्या कामाचा तिला केवढा तोरा. एक दिवस ती गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली.

"मॅम, व्हाय डू सम कूपन्स हॅव अ होल?"

मी मराठीत काहीतरी थातूरमातूर सांगितलं, की छापखान्याची चूक असेल. तिला काही पटलं नाही. मी धावत बाईंकडे. बाई पाच मिनिटं टाचणी गालाला टोचत बसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या प्रत्येक कूपनाला भोक होतं, आम्हा शिक्षकांच्यासुद्धा. पैसे भरलेल्यांना वर, अर्ध्यांना मध्ये, फुकटवाल्यांना खाली. एवढी सगळी भोकं बाईंनी रात्री घरी बसून पाडली होती, बोट सुजलेलं दिसत होतं. मनालीने गठ्ठा पाहिला, "ओके, नाऊ इट्स फेअर," म्हणाली आणि निघून गेली. तिच्या स्वतःच्या कूपनाचं भोक खाली होतं. ते तिला कधीच कळलं नाही, यासाठी मी अजूनही देवाचे आभार मानते.

मनालीचे वडील इंडस्ट्रियल एरियातल्या एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. मूळचे चिपळूणकडचे, सडपातळ, मितभाषी. भोवती सगळी मल्याळी आणि तमिळ मंडळी असताना हे एकच मराठी घर, म्हणून बाईंचा त्यांच्यावर विशेष लोभ. त्या शुक्रवारी उठून त्यांच्या पार्टिशनमध्ये जायच्या, मनालीच्या आईच्या हातचे घावन खायच्या, येताना न विचारता चार पिशवीत भरून घ्यायच्या. आणि पुढल्या शुक्रवारी तितकेच बेसनाचे लाडू नेऊन ठेवायच्या, तेही न विचारता.

पुढे म्हातारे शेठ गेले. कारभार धाकट्या शेठकडे आला. तो इथेच जन्मलेला, अमेरिकेत शिकून आलेला, वागायला सभ्य. त्याने फॉर्म मागवून घेतले आणि पुराव्याच्या रकान्यात सगळीकडे 'सीन' बघून त्याचं डोकंच फिरलं असणार. शाळेला पत्र आलं की सर्व मुलींच्या वडिलांच्या पगाराचे पुरावे येईपर्यंत जेवण बंद.

तेव्हा शेठच्या पैशांवर जेवणाऱ्या एक्केचाळीस मुली होत्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्या एक्केचाळीस बापांना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने खरा पगार लिहा, सही करा, पाकिटात बंद करून मला द्या. पाकीट माझ्या खणाबाहेर जाणार नाही. मी शेठला फक्त सांगेन की माझ्याकडे लेखी आहे. बाप घाबरले. घाबरणारच, व्हिसाच्या कागदावर एक आकडा आणि इथे दुसरा, म्हणजे स्वतःच्याच हाताने कबुलीजबाब. पण बाईंनी शब्द दिला होता आणि बाईंचा शब्द सगळ्यांना माहीत होता. सुर्व्यांनी सर्वांच्या शेवटी लिहिलं. मी तिथेच होते. "बाई, तुम्ही सांगताय म्हणून," एवढंच म्हणाले.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी टॅक्सी करून देऱ्याला गेलो. मला बाईंनी सोबतीला घेतलं होतं, इंग्रजीसाठी. धाकट्या शेठने आदराने बसवलं, थंड पाणी दिलं. बाईंनी पाकिटांचा गठ्ठा मांडीवर धरला होता, रबरबँड लावून. त्या सांगत होत्या, मी तर्जुमा करत होते. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आंटी, आय बिलीव्ह यू. पण मला फाइलला एक तरी कागद लागेल. जस्ट वन, अ‍ॅज अ सॅम्पल. बाकी चाळीस मी तुमच्या शब्दावर सही करतो."

एक कागद, आणि एक्केचाळीस जणींचं जेवण सुरू. सौदा काही वाईट नव्हता. बाईंनी रबरबँड काढला. पाकिटं पत्त्यांसारखी पुढेमागे केली. एक काढलं, परत ठेवलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं: हा मल्याळी, त्याला न विचारता दिलं तर वाईट वाटेल, तो तमिळ, त्याच्याशी ओळख बेताची, हा भांडखोर, शाळेत येऊन तमाशा करेल. मग त्यांचा हात सुर्व्यांच्या पाकिटावर थांबला आणि चेहरा एकदम मोकळा झाला. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "हे देते. आपल्या माणसाला काय विचारायचं?"

माझ्या मनात आलं होतं, की एक फोन करून विचारावं. खरंच आलं होतं. टेबलावर फोन होता. पण दुपारचे दोन वाजले होते, मला भूक लागली होती, खाली टॅक्सी उभी होती, आणि मला वाटलं, काय होतंय एवढ्याने? मी काही बोलले नाही.

शनिवारपासून जेवण सुरू झालं. बाईंनी त्या आनंदात स्टाफरूममध्ये सगळ्यांना जिलबी वाटली.

धाकट्या शेठचा दोष म्हणावा तर तसा काही नाही. त्याच्या अकाउंटंटने फाइल बघितली आणि नेमाप्रमाणे पडताळणीचा फोन केला. सुर्व्यांच्या कंपनीत फोन लावून विचारलं, तुमच्याकडे या माणसाला सतराशेच पगार आहे, हे खरं ना? झालं. मालकाला वाटलं, कोणी सरकारी माणूसच चौकशी करतोय. चार हजारांच्या खोट्या कागदावर सही त्याची होती. त्याने घाबरून आठवड्याच्या आत कागद बदलून सतराशेचा केला. सुर्व्यांची नोकरी ठेवली, तेवढी माणुसकी दाखवली. पण बायको आणि मुलीचा व्हिसा पुढच्याच महिन्यात नूतनीकरणाला आला होता, आणि सतराशेच्या कागदावर तो होणार नव्हता.

बाईंना हे मनालीच्या आईकडून कळलं, शुक्रवारी, घावन खाताना. त्या बिचारीला फोन कोणी केला ते ठाऊक नव्हतं. ती बाईंपाशीच रडली.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या नाहीत. नंतर कळलं, भर उन्हात त्या इंडस्ट्रियल एरियात ते वर्कशॉप शोधत गेल्या होत्या. मालकाने बसवून घेतलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकून म्हणाला, "खलास, मॅडम." बाईंनी देऱ्याला फोन केले, मुख्याध्यापकांना गाठलं, स्वतःच्या मिस्टरांकडून अबुधाबीत कोणाकोणाला विचारलं. मी माझ्या नवऱ्याला सांगून त्याच्या कंपनीत सुर्व्यांसाठी जागा आहे का बघितलं. महिन्याभरात कुठे काय होतंय? मनालीने शेवटच्या आठवड्यापर्यंत कूपनं गोळा केली. तिला सांगितलं होतं की आजी आजारी आहे म्हणून गावी जायचंय.

मायलेकींना विमानात बसवल्यावर दोन दिवसांनी सुर्वे शाळेत आले, मनालीचा दाखला न्यायला. मी फीच्या काही कामाने ऑफिसात होते. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, सगळं खरं सांगितलं, पाकीट कसं दिलं, का त्यांचंच दिलं. एक शब्द लपवला नाही. मी मान खाली घालून पावत्या बघत राहिले. बाईंनी दाखला पुढे केला. सुर्व्यांनी तो नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"बाई, तुम्ही विचारलं असतंत ना," ते म्हणाले, "तर मी हो म्हटलं असतं. चाळीस पोरींच्या जेवणाचा प्रश्न होता. नाही कशाला म्हणेन?" मग उठले. "फक्त आधी कळलं असतं, तर मालकाला सांगून ठेवलं असतं, असा फोन येईल म्हणून."

दारापर्यंत जाऊन वळले. मनाली विचारत होती म्हणाले, आता मॉनिटर कोणाला करणार?

ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बाई सावरल्या असत्या असं मला अजूनही वाटतं. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. हे तर साधं, घरच्यासारखं बोलणं होतं. बाई टाचण्यांची डबी उघडून त्यातल्या टाचण्या मोजत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. मी तरी त्या दिवशी कुठे तोंड उघडलं होतं?

त्यानंतर बाई विचारायला लागल्या. "पेन घेऊ का?" "खिडकी लावू का?" "इथे बसू का गं, कोणी येणार नाही ना?" बसमध्ये स्वतःच्या रोजच्या सीटवर बसतानासुद्धा मागच्या बाईला विचारायच्या. स्टाफरूममध्ये चेष्टा सुरू झाली, फणसेबाईंना कोणीतरी इंग्लिश मॅनर्सचा क्लास लावलाय म्हणे. मला संताप यायचा. एकदोनदा मी त्यांच्यावर खेकसलेही, की बाई, पुरे झालं आता, माझंच पेन आहे, घ्या की. त्या कसनुसं हसायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायच्या. माझ्या डब्याकडे तर त्यांनी बघणंच सोडलं. मी तरीही लोणच्याच्या दोन फोडी जास्त घालत राहिले आणि घरी जाऊन टाकून देत राहिले.

कूपनांचं काम त्यांनी सोडलं नाही. चाळीस मुली जेवत होत्या, त्यांचं काय करणार? पण नवीन आईबाप आले की आता आधी सगळं सांगायच्या: हा कागद कुठे जाईल, कोण बघेल, त्यातून काय होऊ शकेल, मग तुम्ही ठरवा. अर्धे ऐकूनच उठून जायचे. चहा तसाच निवायचा. एसीच्या बटणाबद्दल त्यांनी पुन्हा कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

दीडेक वर्षाने मिस्टरांचं अबुधाबीचं काम संपलं आणि ठाण्याला परत जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी शाळेने शाल, पुष्पगुच्छ, मुख्याध्यापकांचं भाषण, सगळं रीतसर केलं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी स्टाफरूमच्या त्याच कोपऱ्यात डबे उघडून बसलो. मी मुद्दाम कैरीचं लोणचं आणलं होतं, त्यांना आवडतं तसं, मीठ थोडं पुढे. ते दोघींच्या मध्ये ठेवलं आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. मनात म्हटलं, आज तरी हात येऊ दे. मागून, आगाऊपणे, पहिल्यासारखा.

बाईंनी पोळीचे दोन घास खाल्ले. लोणच्याकडे बघितलं. चष्मा सारखा केला.

"सुनीता," त्या म्हणाल्या, "एक फोड घेऊ का गं?"

मला हो म्हणता येईना. मान हलवायची होती, तीही हलली नाही. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग हात मागे घेतला आणि हळूच आपल्या डब्याचं झाकण लावलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "तुलाच पुरायचं नाही."

मी त्या दिवशी अख्खी बरणी आणली होती.